टाइमआउट नसलेले साडूभाऊ

वाट बघण्यात आमच्या साडूभाऊंचा हात धरणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात सापडायचा नाही. ही तारीफ की तक्रार, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझं काळेवाडीत इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, आणि मी मुळातच घाईचा. गिऱ्हाईकाचं मागून संपायच्या आत वस्तू काउंटरवर आपटलेली असते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान एकदा बल्ब न्यायला आले, गर्दी बघून कडेला उभे राहिले, ते मी जेवायला शटर ओढायला लागलो तेव्हा मला दिसले. "अहो, हाक तरी मारायची!" मी खेकसलो. तर म्हणतात कसे, "तुम्ही कामात होता. आला असता की माझा नंबर." चेहऱ्यावर राग नाही, कंटाळा नाही. इतका वेळ कुठंतरी छान फिरून आल्यासारखे दिसत होते.

फोन लावला की पलीकडची रिंग आपोआप बंद पडेपर्यंत ते कानाचा फोन काढायचे नाहीत. का, तर समोरच्याचे हात कणकेत असतील. हॉटेलात वेटरला दुसऱ्यांदा हाक मारणं त्यांच्या लेखी गुन्हा. चाकणच्या चौकात ट्रॅफिक तुंबलं की आम्ही सगळे हॉर्नवर तुटून पडतो, आणि हे काच खाली करून लांबच्या डोंगरावरचे ढग बघत बसतात. एकदा मी शेजारच्या सीटवर चरफडत होतो. "राव, तुमचं रक्त गरम होतं की नाही कधी?" त्यांनी शांतपणे बोट दाखवलं, "तो ढग बघा, मघाशी टेकडीच्या अलीकडं होता." मी कपाळावर हात मारला.

नोकरी मात्र त्यांना अगदी स्वभावाला शोभेल अशी मिळाली होती. चाकणजवळच्या एका कारखान्यात ते संगणकाच्या खात्यात होते. काम काय, असं मी एकदा विचारलं आणि पस्तावलो, कारण त्यांनी खरंच सगळं सांगितलं. कारखान्यातली मशिनं दिवसभर सर्व्हरला काहीबाही विचारत असतात. विचारणारा प्रोग्रॅम कुणी मुळापासून लिहीत नाही, त्याचा मोठा भाग तयार मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात. साडूभाऊंनी त्या लायब्ररीच्या सेटिंग करायच्या. कुठल्या पत्त्यावर जायचं, उत्तराची वाट किती बघायची, नाहीच आलं तर पुन्हा किती वेळा विचारायचं. वाट बघायच्या मर्यादेला टाइमआउट म्हणतात. बाकीचे लोक आधीच भरून आलेले आकडे तसेच ठेवून चहाला जातात, हे त्या आकड्यासमोर गालावर हात ठेवून बसायचे. "समोर कोण आहे, त्याची चाल कशी आहे, ते बघायला नको का?" असं त्यांचं म्हणणं.

या म्हणण्यापायी एकदा त्यांनी कारखानाच थांबवला. माल ट्रकात चढण्याआधी प्रत्येक खोक्यावर स्टिकर लागायचं आणि त्याचा नंबर गोदामातल्या एका जुन्या सर्व्हरला विचारावा लागायचा. हा सर्व्हर भारी सुस्त. प्रोग्रॅम थोडा वेळ थांबायचा, कंटाळून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, आणि एकाच प्रश्नाच्या ढिगाखाली सर्व्हर आणखी दबायचा. साडूभाऊंना त्याची दया आली. त्यांनी पुन्हा विचारणं बंद केलं आणि टाइमआउटही काढून टाकला, म्हणजे उत्तर येईपर्यंत खुशाल थांब. सगळं सुरळीत चाललं. पण एके सकाळी कुणीतरी सर्व्हरची वायरच काढली. प्रोग्रॅमनं एक प्रश्न विचारला आणि तो निवांत थांबला. ना तक्रार, ना एरर. ट्रकांची रांग गेटबाहेर रस्त्यावर गेली. साहेब ओरडले, "अहो, बंद पडलंय हे कळलं कसं नाही कुणाला?" घरी येऊन साडूभाऊ पडलेल्या आवाजात मला म्हणाले, "बंद पडलेला आणि हळू चालणारा, बाहेरून दोघं सारखेच दिसतात हो. माझी गल्लत झाली." मी पोट धरून हसलो होतो.

मग आमच्या सासऱ्यांना, मामांना, पॅरालिसिसचा झटका आला. राजगुरुनगरच्या बाजूला त्यांचं गाव. सासूबाई आधीच गेलेल्या, मामा घरात एकटे. कळायचं सगळं, पण शब्द ओठावर यायला फार वेळ लागायचा. त्यांना काळेवाडीला आणायचं असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं. विचारायचं ते नावाला.

"आण्णा, आमच्याकडं येता ना?" माझी बायको म्हणाली. मामांचे ओठ हलले. तेवढ्यात मेव्हणी, "आण्णा, चलायचं ना?" त्यांचे ओठ मिटले, पुन्हा हलायला लागले. मग मी गावाला ऐकू जाईल असा ओरडलो, "मामा, येताय ना आमच्याकडं?" बायको तर पिशवीत त्यांचे सदरे भरायला लागली होती.

"थांबा!" साडूभाऊंचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "तुम्ही परत विचारलं की त्यांना परत पहिल्यापासून जुळवावं लागतंय. एकदा विचारलंय. आता कुणी बोलू नका."

दुपार टळटळीत होती. कांद्याच्या चाळीवरून वारा आत यायचा, त्याला सुकल्या पातीचा वास होता. लांब कुठल्यातरी कंपनीचा भोंगा झाला. कौलातून उतरलेला उन्हाचा कवडसा मामांच्या गुडघ्यावरून हळूच जमिनीवर आला. माझ्या जिभेवर तीनदा प्रश्न आला, तीनदा मी तो गिळला. मनात म्हटलं, हा सर्व्हर बंद असला तर? साडूभाऊ मात्र मामांच्या तोंडाकडं बघत बसले होते, अगदी डोंगरावरचे ढग बघावेत तसे.

"न्हाई... यायचं," मामा म्हणाले.

दोघी बहिणी एकदम बोलायला गेल्या. साडूभाऊंनी हात वर केला. अजून संपलं नव्हतं.

"हितं... न बोलता बी... भागतंय माजं."

बायकोनं एकेक सदरा पिशवीतून बाहेर काढला. आम्ही त्या माणसाला उचलूनच नेणार होतो, त्याचं उत्तर न ऐकता. शेजारच्या चुलत मेव्हण्याकडं जेवणाची सोय झाली, आणि दर रविवारी आम्ही जायचं ठरलं. साडूभाऊ तर मधल्या वारीही पाळी सुटली की परस्पर जाऊन बसायचे. दोघं तासच्या तास एक वाक्य बोलायचे, आणि त्यात दोघं खूश.

हल्ली कंपनीनं साडूभाऊंना लांब दक्षिणेतल्या नव्या कारखान्यात पाठवलंय. मेव्हणीही गेली. आता त्यांचं येणं दिवाळीला झालं तर झालं. हे मामांना सांगायचं आमच्यापैकी कुणालाच जमलेलं नव्हतं. गेल्या रविवारी मी एकटाच गेलो. "चहा घेणार का मामा?" विचारलं, आणि जीभ दातांखाली धरून बसलो. हातातल्या कपात चहावर साय धरली.

"थोरलं पाव्हणं..." मामा म्हणाले. मी थांबलो. "न्हाई आलं?"

खोटं सांगवेना आणि खरं जुळेना. मी नुसतेच ओठ हलवत राहिलो. मामांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं बघत ते शांत बसून राहिले.