तव्यावर फुटलेले चेस्टनट

आज दुपारी आमच्या तव्यावर फटाके फुटले.

माझी धाकटी जाऊ उत्तराखंडच्या डोंगरातली. दीर तिकडं नोकरीला होते, तिथंच जमलं. इकडं आळंदला सासरी येऊन तिला वर्ष होत आलं, पण सासूबाईंसमोर ती नुसती मान हलवायची. आज तिच्या माहेरून पिशवीभर चेस्टनट आले, जाड तपकिरी सालीची डोंगरातली फळं. ती आंघोळीला गेली होती, तेवढ्यात सासूबाईंनी ते शेंगांसारखे तसेच तव्यावर टाकले.

पहिलाच फुटून छताला लागला. धाकटी ओल्या केसांनी धावत आली आणि ओरडली, "आत्या, मागं सरका! न चिरता कामून भाजायलाव?"

तिनं गॅस बंद केला, उरलेल्यांना सुरीनं चिरा दिल्या आणि उकडायला ठेवले.

सासूबाई बघतच राहिल्या. "तुला मराठी येतंय?"

"बोलाया आत्ता यायलंय. समजतंय कवाचं."

हिला भाकरी थापता येत नाही, पोरगा फसला, ही काही टिकायची नाही, असं सासूबाई, तिला काही कळत नाही असं समजून, वर्षभर तिच्यासमोरच शेजारणींना सांगत होत्या.

चेस्टनट गरम असतानाच सोलावे लागतात. गार झाले की आतली साल चिकटून बसते. सासूबाई बोटांना चटके घेत सोलत राहिल्या आणि एकेक गर धाकटीच्या ताटलीत ठेवत गेल्या.

शेवटी धाकटीच म्हणाली, "आत्या, तुम्ही बी खावा की."

त्यांनी एक तोंडात टाकला. "गोड हाय," एवढंच म्हणाल्या.

माफी कुणी मागितली नाही. तुम्हाला काय वाटतं, मागायला हवी होती?