प्रसादचं पोट आणि मी दुभाष्या

आईशप्पथ, सगळं खरं आहे. म्हणजे, मीठमसाला मी साध्या नमस्कारालाही लावतो, ते सोडा! टोकियोतल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी, वर मराठी पेशंट आला की दुभाष्याचं काम. किस्से साठणारच. इथे प्रसाद हे नाव खोटं, त्याची परवानगी खरी.

२०११च्या मोठ्या भूकंपानंतरचं दुसरं-तिसरं वर्ष. टोकियोच्याच ओजिमा भागात राहणारा प्रसाद, पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, दोन महिने जुलाबांनी हैराण. आमच्या मराठी मंडळाचं निदान केव्हाच झालेलं. कुलकर्णी वहिनी म्हणाल्या, "ओवा खा." एकजण म्हणाला, "कच्चे मासे सोड." प्रसाद शाकाहारी! तिसऱ्याने तर विचारलं, "बारीक झालास रे, कुठलं डाएट?"

*

डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या सेन्सेईंनी, शौचाचे नमुने मागितले. प्रसादने लाजेपोटी डबी छान कागदात गुंडाळून आणली. रिसेप्शनवरच्या बाईंना वाटलं, भारतातून आणलेली भेट! दोन्ही हातांनी घेतली, तीनदा वाकल्या आणि निघाल्या स्टाफच्या फ्रिजकडे. "चहाबरोबर सगळे मिळून घेऊ!"

मी जो धावलो!

*

नमुन्यांत काहीच सापडेना. सेन्सेई म्हणाले, "काही जंतू नेहमीच्या तपासणीत दिसत नाहीत. वेगळा रंग टाकून बघावं लागतं. एचआयव्ही असेल तर तेच आधी शोधायचे. विचारा त्यांना."

विचारलं. भूकंपातही टोकियो न सोडलेला गडी पांढराफटक पडला.

"काका, दुसरा दुभाष्या नाही का? तुम्ही सोडून कोणीही चालेल."

"का रे?"

"तुम्हाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत हिगाशी-कसाईतल्या अख्ख्या मंडळात पोचतं!"

लागलं मला. पण खोटं नव्हतं. खुर्ची जवळ ओढली.

"प्रसाद, असंच चाललं तर तू वाचणार नाहीस. आणि उद्या मी मंडळात बोंबललो, तरी विश्वास कोण ठेवणार? सांगणारा मी!"

तो हसला. खो खो हसला. मग म्हणाला, "पुण्यातच कळलं होतं. इथे आल्यावर गोळ्या बंद केल्या. ऑफिसात कळेल म्हणून."

मी शब्दन्‌शब्द जपानीत सांगितला. आयुष्यात पहिल्यांदाच पदरचं काही न घालता.

त्याच दिवशी रंग टाकला. काचेवर लाल ठिपके दिसले, तेच ते लपलेले जंतू. एचआयव्हीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. काही महिन्यांत प्रसादची पॅन्ट कमरेवर थांबायला लागली.

या सगळ्यात मी एकच गोष्ट रचलीये, कबूल करून टाकतो.

तो हसला नव्हता.