दिवा लावा, लेप लावा

दवाखान्यातून आजार जातात, किस्से मात्र तिथेच राहतात! सयाजीराव महाराजांच्या अमदानीत मी बडोद्यात एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. माझ्याकडे साचलेले बहुतेक किस्से एका लेपापायीचे.

आमचे वैद्य शास्त्रीबुवा. निर्गुंडी आणि आंबेहळदीचा त्यांचा लेप सुजेवर नामी. पुण्याहून नवे डॉक्टर आले आणि म्हणाले, "नामी की नाही, ते सूज मोजून टेप सांगेल!" वरून हुकूम निघाला, लेपाची परीक्षा घ्या. नापास झाला तर वैद्यांची खोली बंद. शास्त्रीबुवांची हयात त्या खोलीत गेलेली.

* * *

डॉक्टरांनी पहिल्याच संध्याकाळी दिवे लावले. शिपाई गुजराती. डॉक्टर म्हणाले, "दिवा लावा." त्याने आणखी एक दिवा आणून ठेवला. "अहो, लावा!" तिसरा आला. टेबलभर दिवे, आणि सगळे विझलेले! गुजरातीत 'लावो' म्हणजे 'आणा', हे डॉक्टरांना कोण सांगणार? आम्ही मजा बघत होतो.

* * *

परीक्षेला पहिला आला तालमीतला पैलवान. डॉक्टरांनी टेप लावली. "डावी पोटरी फार सुजलीय."

"सुजलीय? साहेब, कमावलीय ती!"

दुखत होता त्याचा अंगठा.

* * *

मग एक म्हातारे शिलेदार. एका गुडघ्याला लेप, दुसऱ्याला नुसती माती, म्हणजे फरक कळेल. घरी जाऊन त्यांनी दोन्ही एकत्र कालवून दोन्हीकडे थापलं. डॉक्टर चिडले, तर म्हणतात, "दोन्ही पाय माझेच. पंक्तिप्रपंच कसा करू?"

* * *

उरल्या जवळच्या हरणी गावच्या मणिबा. डॉक्टरांनी त्यांना वाटीभर लेप देऊन बजावलं, "रोज सकाळी लेप लावा." त्या रोज चालत यायच्या, डोक्यावर झाकलेली वाटी. आम्हांला वाटायचं, दही विकायला निघाल्यात. गुडघ्याची सूज मात्र भराभर उतरली.

निकालाला दरबारचे साहेब आले. टेप पाहून खूश! शास्त्रीबुवांचे डोळे भरून आले, माझेही. साहेबांनी सहज विचारलं, "लेप कसा लावत होता?"

मणिबांनी वाटी पुढे केली. लेप काठोकाठ, वाळून खडखडीत!

"रोज लावुं छुं, साहेब! पण कोई लेतुं ज नथी!" म्हणजे, रोज आणतेय, पण कोणी घेतच नाही!

लेप अंगाला लागलाच नाही, म्हणून डॉक्टर टाळी वाजवणारच होते. शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, "औषध पोटात घेतात, अंगाला लावतात. हे डोक्यावरून दिलं. गुण आला ना?"

साहेब हसून हसून खोकायला लागले. "निकाल उद्या!"

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं, तर अख्खी हरणी दारात. प्रत्येकीच्या डोक्यावर रिकामी वाटी! "अमनेय माथे मूकवानो लेप आपो!" म्हणजे, आम्हांलाही डोक्यावर ठेवायचा लेप द्या!

डॉक्टर गर्दीत सापडले. शिपायाला ओरडून म्हणाले,

"अरे, शास्त्रीबुवांना लावो!"