थेल्माचा राऊंड

'ब्लू ड्रेक' पबमध्ये तुला काय खटकतं असं कोणी थेल्मा डर्स्टनला विचारलं तर ती आधी पाटीचं नाव घेईल. पाटी म्हणजे पोरं पूर्वी गिरवायची ती काळी दगडी पाटी. मालकीणबाई बेवने मध्यंतरी ब्रिस्टलहून एक स्वयंपाकी आणला होता आणि त्याने हॅम, अंडं आणि चिप्स ताटलीऐवजी पाटीवर वाढायला सुरुवात केली. पहिल्याच गुरुवारी थेल्माने अंडं फोडलं, पिवळा बलक पाटीच्या कडेवरून ओघळला तो थेट तिच्या चांगल्या स्कर्टवर. ती तिथूनच ओरडली, "बेव, ताटल्या गहाण टाकल्यास का गं?" अख्खा पब हसला. बेवनेही उलट सुनावलं, "तू तोंड लावून खातेस कुठे, बोलतच असतेस!" पण पुढच्या गुरुवारी ताटल्या परत आल्या आणि पाट्या मागच्या अंगणात कुंड्यांखाली गेल्या.

हॅचवेल गावात थेल्माच्या मताला असं वजन होतं. पाय, म्हणजे आत मांसाचा रस्सा भरून भाजतात ती, तिच्याबद्दल तर थेल्माचा शब्द शेवटचा. सगळीकडून पिठाचं आवरण असेल तीच पाय. नुसतं वर झाकण ठेवलेलं असेल तर ती म्हणायची, हा टोपी घातलेला रस्सा आहे. शुक्रवारी साथीला यंत्र लावून गाणाऱ्या बुवाबद्दलही तिने निकाल देऊन टाकला होता, की माणूस गातो बरा, पण दोन गाण्यांच्या मध्ये फार बोलतो. स्वतः ती पिपातल्या सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, अर्धा ग्लास घ्यायची. सफरचंदांच्या सॉमरसेटमध्ये जन्मून बाटलीतलं सायडर पिणाऱ्यांची तिला कीव यायची.

इतकं सगळं असूनही एक गोष्ट तिने उभ्या आयुष्यात केली नव्हती. बारपाशी जाऊन तिने कधी ड्रिंक मागवलं नव्हतं. यात लाजण्याबुजण्याचा प्रश्न नव्हता, तशी रीतच पडून गेली होती. शेकोटीजवळच्या टेबलावर ती, तिचा नवरा क्लिफ, गायीगुरं पाळणारा नायजेल मीकर आणि छपरं शाकारणारा डेनिस कोट असे चौघं बसायचे. सगळ्यांच्या ग्लासांचे पैसे पाळीपाळीने एकेकाने द्यायचे, तो त्याचा राऊंड. एक राऊंड क्लिफचा, मग मीकरचा, मग डेनिसचा, की पुन्हा क्लिफ. थेल्मा क्लिफच्या खात्यात. घरी जाताना क्लिफ कुरकुरायचा, "मीकरचा राऊंड आला की सगळ्यांना घरची आठवण कशी होते गं?" ती म्हणायची, "तू हळू पीत जा."

आमच्याकडे राऊंड कोणी मोजत नाही, आणि कोणाचा चुकला ते मात्र सगळ्यांना माहीत असतं. गावात आर्थर व्हाउल्स म्हणून एक गृहस्थ आहे. त्याचा राऊंड आला की त्याला बाहेर बांधलेल्या कुत्र्याची काळजी वाटते. बरं, कोणी त्याला हाकलत नाही, चार जणांत त्याचाही ग्लास भरला जातो. पण हवामानापासून इलेक्शनपर्यंत कशावरही आर्थरचं मत कोणी विचारत नाही. तो काही बोललाच तर माणसं मान हलवतात आणि दुसरीकडे बघतात.

फेब्रुवारीत क्लिफ गेला. घरच्या गोठ्याच्या दारात बसला तो उठलाच नाही.

अंत्यविधीनंतर थेल्मा जरा सावरली आणि एका गुरुवारी कोट चढवून पबमध्ये आली. एकटीने ते दार ढकलणं सोपं नव्हतं, पण घरात घड्याळाशी बोलत बसण्यापेक्षा बरं. मीकर आणि डेनिस दोघंही उठून उभे राहिले. तिचा अर्धा ग्लास ती बसायच्या आत समोर आला. तिचे डोळे भरून आले आणि तिला फार बरं वाटलं. हे पहिल्या दिवशीचं.

ग्लास रिकामे झाले तेव्हा ती पर्स घेऊन उठली. "आता माझ्याकडून."

"बस गं थेल्मा, काहीतरीच काय!" मीकरने तिला जवळजवळ खुर्चीत दाबलंच. "तुला पैसे द्यायला लावले तर क्लिफ वरून माझ्या डोक्यात धोंडा घालेल."

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी डेनिस आधीच बारपाशी जाऊन उभा. ती एकदा लवकर आली आणि बेवच्या हातात नोट ठेवून म्हणाली, "हे आमच्या टेबलाचे आधीच घेऊन ठेव." बेवने गोड हसून नोट घेतली आणि थेल्मा निघाली तेव्हा दारात गाठून तिच्या कोटाच्या खिशात परत कोंबली. "राहू दे राणी. तुझ्याकडून कसे घेऊ?"

थेल्माने महिनाभर सोसलं. मग तिच्या एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. एका गुरुवारी पायचं आवरण खालून ओलंगिच्च निघालं. तिने नेहमीच्या आवाजात विचारलं, "बेव, पाय भाजलीस की धुतलीस?" कोणी हसलं नाही. बेव धावत आली, माफी मागितली, ताटली उचलून नेली आणि सफरचंदाचं गोड फुकट आणून ठेवलं. सगळे तिच्याकडे मायेने बघत होते. थेल्माने ते गोड बाजूला सारलं. पूर्वीची बेव असती तर म्हणाली असती, दात गेले तुझे, ओलंच बरं तुला.

त्या संध्याकाळी आर्थर व्हाउल्स तिच्या शेजारी येऊन बसला आणि आपल्यातला माणूस भेटल्यासारखं हसला. झालं, थेल्माच्या काळजात चर्र झालं. ती घरी आली आणि क्लिफच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "मला फुकटी करून ठेवलीय रे यांनी." माणसं वाईट असती तर चार शिव्या हासडता आल्या असत्या. पण सगळे जीव लावत होते, आणि जीव लावता लावताच तिला पाहुणी करून टाकत होते. ज्या टेबलावर तिची हयात गेली, तिथली पाहुणी! त्यानंतर ती गुरुवारी जाईनाशी झाली. पाय घरीच करायची, आवरण सगळीकडून घालायची आणि निम्मी टाकून द्यायची.

मीकर तिच्या दारात आला तो ऑक्टोबरात, स्किटल्सचे सामने सुरू व्हायच्या तोंडावर. ड्रेकच्या मागे लांबलचक शेड आहे, तिच्या एका टोकाला नऊ लाकडी पिना उभ्या करायच्या आणि दुसऱ्या टोकाकडून प्रत्येकाने एका डावात तीन चेंडू घरंगळत सोडायचे. क्लिफ संघात वर्षानुवर्षं होता. थेल्माचं काम खाण्याचं, कारण सामना झाला की यजमानांनी दोन्ही संघांना जेवू घालायचं असतं. तिच्या भाजलेल्या बटाट्यांसाठी परगावचे संघ हरायलाही तयार असत.

मीकर टोपी हातात घेऊन उभा होता. "थेल्मा, मंगळवारी बटाटे... म्हणजे तुला होत असेल तरच हं. नाहीतर आपण पाव-चीजवर भागवू."

"बटाटे होतील. खेळणारी माणसं किती आहेत?"

"एक कमी आहे. क्लिफच्या जागी डेनिसचा भाऊ घेतला, तर आता डेनिसचाच गुडघा सुजला."

"मग मी खेळते."

मीकरने टोपी एकदा उलटी केली, एकदा सुलटी. "अगं, चेंडू जड असतो."

"आणि बटाट्याची परात काय कापसाची असते?"

मंगळवारी समोर शेजारच्या गावच्या 'बेल' पबचा संघ होता. त्यांचा कप्तान हर्बी ट्रॅट ऐंशीच्या घरातला, जुना दूधवाला. त्याचे गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. थेल्माने बटाटे भट्टीत ठेवले, क्लिफचे रबरी तळाचे बूट दोन मोजे चढवून घातले आणि खेळायला उतरली. सुरुवात बरी झाली. एका डावात पाच पिना पडल्या, एकात सहा. पण तीनच पडल्या तरी तिचे लोक टाळ्या पिटत होते, बालवाडीतल्या पोरीने कविता म्हटल्यावर पिटतात तशा. तिने ओठ घट्ट मिटले आणि खेळत राहिली.

शेवटचा डाव तिच्यावर आला. चार पिना पडल्या की ड्रेक जिंकणार होतं.

पहिला चेंडू अर्ध्या वाटेवर भरकटला आणि बाजूच्या फळीवर आपटला. दुसरा पिनांच्या मधून एकीलाही न शिवता पार निघून गेला. तिसरा छान गेला. पुढच्या पिनेला चाटला, पिन हलली, डुलली आणि उभीच राहिली.

भोपळा. सामनाही गेला.

सगळे एकदम बोलायला लागले. "काही नाही, काही नाही." "पहिलीच वेळ आहे." डेनिस काठी टेकत पुढे आला आणि म्हणाला, "चेंडूच आज नीट नाहीत." मीकरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. थेल्माला वाटलं, आता या बुटांसकट जमिनीत जावं.

"सायडरचा जग कुठे आहे?" हर्बी ट्रॅटने बाकावरूनच विचारलं.

"हर्बी, गप बस," मीकर दबक्या आवाजात म्हणाला.

"का म्हणून? भोपळा काढला की दोन्ही संघांना जग पाजायचा. माझा बाप पाजत आला, मी पाजत आलो. ड्रेकने नियम बदलला काय?"

"अरे, तिचा नवरा..."

"माहितीय मला! चर्चात तुझ्या मागच्याच बाकावर होतो मी, तू बेसूर गात होतास. क्लिफने याच शेडमध्ये माझ्यासमोर भोपळा काढला होता आणि तोंड एवढंसं करून जग पाजला होता." हर्बी थेल्माकडे वळला. "तू खेळायला आलीस की नुसते बटाटे घेऊन आलीस, बाई?"

त्या वाक्याने मीकरचे कान लाल झाले. थेल्माला मात्र त्या खवट म्हाताऱ्याच्या गालाचा मुका घ्यावासा वाटला. कितीतरी महिन्यांनी कोणी तिच्याकडून काहीतरी मागितलं होतं.

"खेळायला आले," ती म्हणाली आणि पर्स उचलून तडक पुढे पबमध्ये बारपाशी गेली.

तिच्या हातातली पर्स बघून बेवचा चेहरा मऊ झाला. "राणी, हे माझ्याकडून..."

"बेव, जग भर. आणि हे पैसे परत माझ्या कोटात कोंबलेस तर बटाट्यांची परात घेऊन मी बेलमध्ये जाईन."

बेवने एकदा तिच्याकडे बघितलं, पैसे गल्ल्यात टाकले आणि जग पिपाखाली धरला.

थेल्माने स्वतः फिरून सगळ्यांचे ग्लास भरले. हर्बीने घोट घेतला, "गेल्या वर्षीपेक्षा आंबट आहे," म्हणाला आणि ग्लास पुन्हा पुढे केला. मीकर आपला ग्लास हातात धरून नुसता उभा होता.

"पी," थेल्मा त्याच्यासमोर उभी राहिली. "क्लिफने हातातला सामना असा घालवला असता तर काय केलं असतंस? ख्रिसमसपर्यंत त्याची सालटी काढली असतीस. मग माझी का नाही काढत? नवरा गेलाय माझा, मी नाही गेले. मला टेबलावर बसवता आणि राऊंड घेऊ देत नाही. आर्थरसारखी गत केलीत माझी."

एवढं बोलून तिचा आवाज फुटला आणि तिने तो लपवला नाही. मीकरच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. मग त्याने ग्लास तोंडाला लावला, निम्मा संपवला, मिशी पुसली.

"खरं सांगू, थेल्मा? तुझा तो पहिला चेंडू... माझ्या आंधळ्या गायीने याहून सरळ टाकला असता."

डेनिसने घाबरून मीकरची बाही ओढली. थेल्मा हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता भट्टीकडे धावली, कारण बटाट्यांचा करपट वास सुटला होता. ते थोडे काळे झालेच. हर्बीने ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं आणि तीन वेळा वाढून घेतले.

गुरुवारी ती पबमध्ये आली तेव्हा कोणी उठून उभं राहिलं नाही. मीकरने पायाने खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि बोलणं चालू ठेवलं. पहिला राऊंड त्याने आणला, दुसरा डेनिसने. पाय आली, तिच्या एका कडेला आवरण जळालं होतं. थेल्माने काट्याने त्यावर टकटक केलं. "बेव, छप्पर शाकारायला डेनिस पाठवू का?"

"जळलेल्या बटाट्यांची बाई मला शिकवणार!" बेव बारमागून ओरडली. टेबल हसलं. थेल्माने पाय संपवली, जळकी कडही सोडली नाही.

थोड्या वेळाने मीकरने रिकामा ग्लास तिच्या नाकासमोर धरून हलवला. "काय गं, क्लिफकडून हेच शिकलीस का? राऊंड आला की खिडकीबाहेर बघायचं?"

"मंगळवारी दोन गावं पाजली ना मी!"

"तो दंड होता. हा राऊंड आहे."

"मेले टपूनच बसलेत माझ्यावर," थेल्मा म्हणाली. "मीकर, तू हळू पीत जा जरा." अशी कुरकुरत, क्लिफ कुरकुरायचा तशीच, ती पर्स घेऊन उठली आणि बारपाशी जाऊन उभी राहिली. पुढे दोघंतिघं होते, बेवची धावपळ चालली होती. एकाने सरकून तिला पुढे जागा देऊ केली. "राहू दे," ती म्हणाली. तिला घाई नव्हती.