उलट्या तोंडाची सीट

गादीभाऊंना कुठलीही वस्तू दाखवा, ते आधी तिच्यावर बसतात. सोफा, बसची सीट, दातांच्या दवाखान्यातली मागे कलणारी खुर्ची, सगळ्यांना परीक्षा एकच. बसायचं, अंगठा फोममध्ये रुतवायचा, तो खड्डा किती वेळात भरून येतो ते बघायचं, आणि शिवण अशी न्याहाळायची की शिवणारा तिथे असता तर त्याने पोबारा केला असता. उभी हयात सोफ्यांना कव्हरं चढवण्यात गेल्यामुळे त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, बैठका राहतात. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की नाव आठवायला वेळ लागतो, पण ‘थ्री सीटर, डावी स्प्रिंग बसलेली’ हे चटकन आठवतं.

त्यामुळे घरात बोट घ्यायचं ठरलं आणि निवडीचं काम गादीभाऊंच्या गळ्यात पडलं, तेव्हा गल्लीला त्यात काही नवल वाटलं नाही. बोटीला सीटा असतात, आणि सीटा म्हणजे गादीभाऊ. घरातल्यांना खरं कारण ठाऊक होतं. ते कुणी बोलून दाखवत नव्हतं इतकंच.

घरात तीन बायका. गादीभाऊंच्या बायकोला मासेमारीचं वेड माहेराकडून आलेलं. दर रविवारी ती तलावाच्या काठावर स्टूल टाकून गळ लावून बसते. आजवर तिला लागलेला सर्वांत मोठा मासा तळहातावर मावेल एवढा होता. निसटलेले मात्र एकाहून एक. तिच्या मते दोष तिचा नाही, काठाचा आहे. मोठे मासे खोल पाण्यात राहतात, सबब बोट पाहिजे. दुसरी भिंगरी, म्हणजे गादीभाऊंची पुतणी. लहानपणापासून तिला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नाही म्हणून हे नाव. आता ती इस्पितळात लोकांचे आखडलेले गुडघे वाकवायचं काम करते, आणि सुट्टी मिळाली की मैत्रिणीच्या बोटीमागे दोरी धरून, पायांत फळ्या बांधून पाण्यावरून सुसाट घसरत जाते. तिला हवी होती दणकट इंजिनाची, ओढणारी बोट.

मग जेवताना रोज जुंपायची. काकू म्हणायची, तुझ्या त्या इंजिनाचा आवाज ऐकून मासे काय टाळ्या वाजवत येणार आहेत? भिंगरी म्हणायची, तुझे मासे तसेही येत नाहीत काकू, निदान सांगायला एक निमित्त तरी मिळेल.

तिसऱ्या वहिनी. भिंगरीची आई, आणि गादीभाऊंच्या थोरल्या भावाची बायको. त्या वादात पडल्या नाहीत. ताटं उचलता उचलता एकदाच म्हणाल्या, “भाऊजी हो म्हणाले तर घ्या.”

झालं. सगळं ओझं गादीभाऊंच्या डोक्यावर आलं. हो म्हणावं, तर दादांची मुलगी पाण्यात जाणार, बोटीच्या मागे, दोरीच्या टोकाला. नाही म्हणावं, तरी ती जाणारच होती, पण परक्यांच्या बोटीमागे. तेव्हा बोटीत आपलं असं कुणी नसणार.

कारण दादा पाण्यातच गेले होते. भिंगरी तेव्हा नुकती लिहायला शिकत होती.

दुकानात दोघा भावांची वाटणी साधी होती. गादीभाऊंच्या तोंडात कायम बारीक खिळे, कारण हातोडी चालवताना खिळे ठेवायला त्याहून जवळची जागा नाही. दादांच्या तोंडात कायम गोष्ट. दादा बोलायचे, गादीभाऊ ठोकता ठोकता ‘हं’ म्हणायचे. तोंडात खिळे असलेल्या माणसाला तेवढंच म्हणता येतं, आणि दादांना तेवढंच पुरायचं. सुट्टीच्या दिवशी दोघं जुन्या लाकडी बोटीतून मासे धरायला जायचे. तिथे खिळे नसायचे, पण सवय तीच.

त्या संध्याकाळी परत येताना गादीभाऊ सुकाणूवर होते, तोंड पुढे. दादा मागे उभे राहून दोरी गुंडाळत होते आणि एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होते. त्या गिऱ्हाइकाने नवाकोरा सोफा तीनदा परत पाठवला होता, कारण त्याच्या सासूबाई त्यावर बसल्या की त्यांना झोप लागायची, आणि झोप लागली की मुक्काम लांबायचा. शेवटी तो म्हणाला, सोफा छान आहे हो, पण टोचेल असं काहीतरी करा. इंजिन घरघरत होतं, वारा होता, गादीभाऊ ‘हं’ म्हणत होते. गोष्ट संपली तसे ते हसले, आणि हसत हसत मागे वळले. मागे कुणी नव्हतं. दोरी अर्धी गुंडाळलेली होती.

त्यांनी बोट वळवली, अंधार पडेपर्यंत पाणी पालथं घातलं. दादा दुसऱ्या दिवशी सापडले. एवढं सगळ्या गावाला माहीत आहे. कुणालाच माहीत नाही ते असं, की गादीभाऊंना ती गोष्ट शेवटपर्यंत आठवते, पण दादांनी ती शेवटपर्यंत सांगितली होती का, हे त्यांना सांगता येत नाही. जन्मभर भावाच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला अर्धी गोष्ट पुरते; उरलेली कानच रचून घेतात. ‘टोचेल असं काहीतरी करा’ हे दादा म्हणाले? की तेव्हा दादा मागे कुठेतरी पाण्यात हात मारत होते, आणि ते वाक्य गादीभाऊंनी आपलं आपल्यालाच ऐकवलं? किती ‘हं’ भावाला पोचले आणि किती नुसत्या वाऱ्याला, याचा पत्ता लागत नाही.

तेव्हापासून पाठीमागून कुणी बोललं की गादीभाऊ हातातलं काम टाकून पूर्ण वळतात आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतात. गिऱ्हाइकांना वाटतं, काय हा आदर! बायकोलाही आधी वाटलं, नवरा सुधारला; इतकं मन लावून जगात कुठल्या बायकोचं ऐकलं जात असेल, असं ती मैत्रिणींना ऐकवायची. मग एका दुपारी ती डुलकीत काहीबाही बरळली आणि जागी झाली, तर हे उशाशी बसून तिच्या ओठांकडे बघताहेत. त्यानंतर तिने ते कौतुक सांगणं बंद केलं. दुकानात एकटे असतानाही ते मधूनच वळतात. मागे सोफ्यांचे सांगाडे रांगेने उभे असतात, पोटातल्या स्प्रिंगा दाखवत.

तर बोट बघायला चौघं तलावाकाठच्या बोटवाल्यांकडे गेले. तिथल्या सेल्समनचा शर्ट इतका कडक होता की भिंगरीने त्याचं नाव लगेच ‘इस्त्री’ ठेवलं. वहिनी धक्क्यावरच्या बाकावर बसल्या. पाण्याकडे न बघता बाकी सगळीकडे बघायचं असेल तर कसं बसावं, ते त्यांच्याकडून शिकावं.

पहिली बोट मासेमारीची. ॲल्युमिनियमची, रुंद, संथ, मासे जिवंत ठेवायला पोटात पाण्याची टाकी. काकू तिच्यात शिरली ती जणू माहेरी आली. गादीभाऊ सीटवर बसले, अंगठा दाबला, आणि म्हणाले की फोम हलका आहे, एका उन्हाळ्यात बसेल. दुसरी ओढणारी, चकचकीत, लाल. भिंगरीचे डोळे लकाकले. गादीभाऊ बसले आणि म्हणाले, पांढरं रेक्झिन. पांढरं रेक्झिन म्हणजे बोटीपेक्षा फडकं जास्त वापरायचं. भिंगरी म्हणाली, “काका, आपण बोट घेतोय, दिवाणखाना नाही.”

इस्त्रीने आणखी दोन दाखवल्या. एकीची शिवण वाकडी निघाली, दुसरीच्या सीटचं बूड अरुंद. भिंगरी कातावली, बायको नाही. हा माणूस कापडात खोट काढायला लागला की त्याला कापडाबद्दल बोलायचंच नसतं, हे तिला कळत होतं. आणि झालं होतं असं, की प्रत्येक बोटीत गादीभाऊ ज्या सीटवर बसत, तिचं तोंड पुढे होतं. बसलं की समोर काच, सुकाणू, मोकळं पाणी. आणि मानेवर मागून गार वारा आल्यासारखं व्हायचं. मागे कुणीतरी बोलायला लागायचं. एका गिऱ्हाइकाने ना, सोफा तीनदा परत पाठवला. गादीभाऊ वळून बघत, आणि मग शिवणीत काहीतरी शोधत.

शेवटची बोट दोन्ही कामांची होती. मासे ठेवायची टाकी होती, गळ खोचायला कडेला नळ्या होत्या, आणि मधोमध, ओढायची दोरी बांधायला, काढघाल करता येईल असा खांब. इस्त्रीने सुकाणूशेजारच्या सीटची पाठ धरली आणि खटकन पलटवली. सीटचं तोंड मागे झालं.

गादीभाऊंनी विचारलं, ही अशी उलटी कशाला?

“माणूस ओढायचा असेल तर बोटीत दोघं लागतात,” इस्त्री म्हणाला. “चालवणारा पुढे बघतो. दुसऱ्याने फक्त मागे बघायचं. मागचा पडला की हा झेंडा वर करायचा आणि ओरडायचं. बाकी काही करायचं नाही. गप्पा नाहीत, काही नाही.”

गादीभाऊ त्या सीटवर बसले. अंगठा दाबायचा ते विसरले.

चाचणीला इस्त्री सुकाणूवर, काकू पुढे, गादीभाऊ उलटे, मांडीवर नारिंगी झेंडा. भिंगरी अंगात जाकीट घालून पाण्यात उतरली आणि तिने दोरी धरली. इंजिन गरजलं, दोरी ताठ झाली, आणि पोरगी पाण्यातून अशी उभी राहिली जशी कुणी हाताला धरून उठवली. गादीभाऊंनी पापणी लवू दिली नाही. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी नाही. काकूने पुढून काहीतरी विचारलं, दोनदा विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते वळले नाहीत.

मग बोटीच्या लाटेवर भिंगरीची एक फळी अडकली आणि ती गेली. पाणी उडालं आणि मिटलं.

गादीभाऊ ओरडले. काय ओरडले ते त्यांना आठवत नाही. काकू सांगते की भिंगरीचं नाव नव्हतं ते, ‘दादा’ असं होतं. झेंडा वर होता, बोट वळत होती, आणि ते त्या एका जागेवर नजर खिळवून सीटवरच गुडघ्यांवर फिरत होते. पाण्यातून आधी जाकीट वर आलं, मग केस, मग खोकला, मग हसू.

“काका, झेंडा हलवताय की विमान उतरवताय?”

ती मागच्या शिडीवरून वर आली, टॉवेलात गुरफटली. इस्त्रीने इंजिन सुरू केलं.

“थांबा,” गादीभाऊ म्हणाले.

इस्त्रीने इंजिन बंद केलं. काही राहिलं का खाली, त्याने विचारलं. चष्मा वगैरे?

गादीभाऊ मागच्या पाण्याकडे बघत होते. बोटीने उमटवलेली वाट हळूहळू विरत होती. काकूने इस्त्रीच्या कडक बाहीवर हात ठेवला, तसा त्याने किल्लीवरचा हात काढला. भिंगरी येऊन काकांच्या पायाशी बसली, तिकडेच तोंड करून. पाणी अगदी सपाट झालं, त्यावर काही नव्हतं, आणि तरी ते बराच वेळ बघत राहिले. एखादा माणूस उशिरा वर येईल तर आपण बघत नव्हतो असं व्हायला नको.

“चला,” ते शेवटी म्हणाले. धक्का येईपर्यंत त्यांनी सीट सुलटी करू दिली नाही.

धक्क्यावर वहिनी उठून उभ्या होत्या. लेकीचे ओले केस त्यांनी बघितले, मग गादीभाऊंकडे बघितलं.

“तिथून ती दिसते का भाऊजी?”

“दिसते.”

“पडल्यावर?”

“पडल्यावरही. बोट वळेपर्यंत नजर काढायचीच नसते. त्या सीटवरच्या माणसाचं कामच ते.”

वहिनींनी पदर आवरला, आणि पहिल्यांदाच पाण्याकडे बघितलं, चांगलं लांबवर. “मग ही घ्या,” त्या म्हणाल्या.

इस्त्री लगेच रंगांचा तक्ता काढायला लागला. गादीभाऊ म्हणाले, रंग या दोघी ठरवतील. ही उलटी सीट मात्र नुसता सांगाडा द्या, गादी मी भरतो. इस्त्री म्हणाला, साहेब, कंपनीची सीट आहे, हात लावलात तर गॅरंटी जाईल. काकू म्हणाली, जाऊ दे, आमच्याकडे गॅरंटीचाच माणूस आहे. गादीभाऊ तोवर बोटीत गुडघे टेकून टेप लावत होते. रुंदी मोजली, परत मोजली.

“ही दोन माणसांची करावी लागेल,” ते म्हणाले.

“मागे बघायला एकच माणूस पुरतो,” इस्त्री म्हणाला.

वहिनींनी चपला धक्क्यावर काढल्या, लेकीचा हात धरून बोटीत उतरल्या, आणि गादीभाऊंच्या टेपला जागा सोडून सीटच्या कडेला बसल्या.