लाभ, दोन, तीन

गोणपाटाचा वास आला, की लोहाऱ्याच्या पेठेतलं निजामाच्या काळातलं ते दगडी दुकान आठवतं. मित्राच्या घराण्याचं ते धान्याचं दुकान विकलं गेलं होतं, दुसऱ्या दिवशी जेसीबी येणार होता, म्हणून भर दुपारी आम्ही दोघं शेवटचं बघायला गेलो. बाहेर जीपवाल्यांचा कालवा होता, पण उंबरा ओलांडला तसा तो ऐकू येईनासा झाला. मी काहीतरी बोलत होतो, इतक्यात आतल्या बंद कोठारातून ज्वारी ओतल्याचा सरसर आवाज आला आणि म्हाताऱ्या गळ्यातली मोजणी, "लाभ... दोन... तीन..." पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, ही आप्पांची, म्हणजे मित्राच्या वडलांची रीत. त्यांना तर आम्हीच खांदा दिला होता. मित्रानं माझा हात घट्ट धरला. "बोलू नको, आप्पा माप घालायलेत. मधी बोललं की मोजणी चुकती." आवाज थांबल्यावर आम्ही दार ढकललं. कोठारात नुसती धूळ होती आणि मधोमध लाकडी माप, ज्वारीनं शिगोशीग भरलेलं. आता तिथं मोबाईलचं चकचकीत दुकान आहे. परवा चार्जर घ्यायला गेलो, तर परगावाहून आलेली दुकानदारीण कव्हरांचा गठ्ठा मोजत होती, "लाभ, दोन, तीन..." हे कुठून शिकलात, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. मोजताना मधी बोलू नये.