बोराच्या बियांचा काढा

आण्णा गेले आणि आईची झोप उडाली. डॉक्टरांच्या गोळ्यांना ती हात लावेना, कारण गोळीची सवय लागते असं शेजारच्या काकूंनी सांगितलेलं. मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते, पण काकूंपुढे माझं काय चालणार!

त्या दिवसांत वर्गात नेमका झोपेचाच विषय सुरू होता. चिनी वैद्यकात एका आंबट जातीच्या बोराच्या बिया झोपेसाठी देतात. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन पेशींवरच्या ज्या रिसेप्टरांवर बसतं, त्यांच्यावर या बियांमधली काही द्रव्यं परिणाम करतात. काहींचा संबंध सेरोटोनिनच्या रिसेप्टरांशीही दिसतो. बरंचसं उंदरांवरच पाहिलेलं, माणसांबद्दल ठाम बोलावं असं फार नाही. जेवताना मी हे आईला बोलून गेले. तिने त्यातलं बोर तेवढं उचललं.

संक्रांतीनंतर शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत एका बाळाचं बोरन्हाण होतं. पोरांनी लुटून उरलेली बोरं आई पदरात घेऊन आली. वरवंट्याने आठळ्या फोडून आतल्या बिया तिने उकळायला टाकल्या. मी चिडलेच. "अगं, ती बोरं वेगळ्या जातीची, ही वेगळी!"

"चीनचं काय अन् माळशिरसचं काय, बोरच हाय की," ती म्हणाली. तिचं माहेर माळशिरसकडचं, बोरांबद्दल तिला कुणी काही शिकवायचं नाही.

दुपारी काढा पिऊन ती चटईवर आडवी झाली आणि चक्क घोरायला लागली. बियांमुळे की थकव्यामुळे, देव जाणे. मला इतका आनंद झाला, की फोन बंद करून मी दाराशी राखण करत बसले. दार वाजवणाऱ्या काकूंनाही हातानेच परत पाठवलं.

उन्हं उतरताना ती उठली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"च्या टाकते. ह्येंना हाक मार," ती म्हणाली.

मी दाराशी उठून तिच्याजवळ गेले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. आण्णांना घरातून नेलं तेव्हाही ती अशी ओरडली नव्हती. मी तिला घट्ट धरलं आणि मीही रडले.

तिची पाठ थोपटत म्हटलं, "झोप लागली ना आई, आता हळूहळू बरं वाटेल."

ती उठली आणि उरलेला काढा तिने मोरीत ओतला.

"नगं गं मला झोप. झोपले न्हवते तवर ह्ये एकदाच गेले होते."